हळदीला न जुमानणारे वाघमारे

वसमतमध्ये राहून हळदीशी वैर धरणारा एकच माणूस मला ठाऊक आहे, आमचे फिजिओथेरपिस्ट वाघमारे डॉक्टर. ज्या गावाच्या मोंढ्यात, म्हणजे हळदीच्या बाजारात, शिंकसुद्धा पिवळी येते, तिथं यांच्या दारावर पाटी: 'लेप लावलेल्यांनी धुऊन आत यावे.' त्यांचे घरमालक हळदीचे व्यापारी. ते रोज त्या पाटीवरून मान फिरवून जातात.

मी इथल्या शाळेत खेळाचा मास्तर. पोरं मुरगळणार आणि मी त्यांना वाघमारेंकडे नेणार, हे चालूच असतं. दुखरा पाय पुढं केला की डॉक्टर म्हणतात, "हा राहू द्या. चांगला दाखवा." एकदा कळमनुरीचे एक आजोबा भडकले, "दुखून राहिला डावा अन् तुमी दाबून राहिले उजवा! आधी सोताचे डोळे दाखवून या."

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "चांगला किती वाकतो ते कळल्याबिगर दुसरा किती बिघडला, कसं कळंल बाबा?" हे तत्त्वज्ञान कुणालाही पटावं असंच आहे, फक्त पाय दुखत नसताना.

दवाखान्याबाहेरही त्यांना सुट्टी नाही. एका लग्नात नवरदेव घोड्यावरून उतरला, तसे माझ्या कानाशी लागले, "घोट्यात जोर न्हाई. जुनी मुरगळ हाय." मी म्हटलं, अक्षता टाका आणि गप बसा. बसले. पण जेवणं चालू असताना नवरदेवाला एका पायावर उभं करून व्यायाम शिकवून आलेच. नवरी बिचारी घास हातात धरून बघत राहिली.

आमचं खरं बिनसलं ते गेल्या वर्षी, गंगासागर नावाच्या माझ्या विद्यार्थिनीवरून. आमच्या मुलींच्या कबड्डी संघाची सारी मदार तिच्या चढायांवर. तालुक्याच्या सामन्यांच्या तोंडावर सरावात तिचा गुडघा पिरगळला. आईनं गरम हळद थापली, आत्यानं वरून तेल लावून रगडला. इतकं प्रेम कुठला गुडघा सोसणार? सकाळी तो भोपळ्यासारखा सुजला होता.

डॉक्टरांनी लेप धुतला, दोन्ही गुडघे ताडून पाहिले. "लिगामेंट ताणलंय, तुटलं न्हाई. खेळली तर तुटंल."

"पट्टा बांधून एकच सामना खेळवू की," मी म्हणालो.

"सर, तुमाला कप पाहिजे का पोरगी?"

मला दोन्ही हवे होते, पण असं बोलून दाखवता येत नाही. संघ पहिल्याच फेरीत हरला. मी बरेच दिवस डॉक्टरांशी बोललो नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. समोरून गेलो की ते माझी चाल बघायचे.

गंगासागर मात्र रोज सकाळी त्यांच्याकडं जायची. आधी मांडी आवळून धरणं, मग अर्धी बैठक, मग पायरीची चढउतर, शेवटी एका पायावर उडी. दुखरा पाय चांगल्याइतकी लांब उडी घेत नाही, तोवर मैदान बंद. ती रडकुंडीला यायची, "आता दुखत न्हाई, मग काहून?"

"दुखणं गेलं म्हणजे जोर आला असं न्हाई, लेकरा."

यंदा एकदाची परवानगी मिळाली. सामन्याला डॉक्टर दवाखाना बंद ठेवून आले, माझ्याशेजारी उभे राहिले आणि गंगासागर चढाईला निघताच मैदानाकडे पाठ करून उभे!

"आता हे काय?"

"मला न्हाई बघवत. तुमी सांगा."

चौघींनी तिला धरलं. धुरळ्यात पोरींचा ढीग झाला, त्यातून तिचा हात रेषेला टेकला. मी ओरडलो, "चार गुण, डॉक्टर!"

"गुणाचं जाऊ द्या हो. उभी राहिली का?"

"राहिली."

प्रत्येक चढाईला हेच. शेवटी शेवटी मीही गुण सोडून तिच्या उठण्याकडेच बघू लागलो.

आम्ही जिंकलो. पोरींनी तिला खांद्यावर घेतलं, तोवर डॉक्टर निघाले होते. मी त्यांचा हात धरला, "भेटा तरी तिला. इतके महिने रोज यायची तुमच्याकडं."

"व्हय. येता येताच बडबड सुरू करायची. घरात मी एकटा, दवाखान्यात तेवढाच आवाज." त्यांनी हात सोडवून घेतला. "पण आता तिनं माझ्याकडं येऊ नये, सर. तेवढ्यासाठीच तर सगळं केलं."