आधी साखर, मग संस्कार

पन्नाशी उलटलेल्या, जाड भिंगांचा चष्मा लावणाऱ्या आमच्या शिक्षिका कुसुमताई सतरंजीवर बसकण मारून सहावीतल्या पोरीचं सोंग घेऊन रुसायच्या, तेव्हा हसू दाबणं हे आमच्या प्रशिक्षणातलं सर्वांत अवघड काम असे.

"नाही खात, जा! मले नोका सांगू!" म्हणत त्या डबा ढकलून द्यायच्या. आम्ही निवासी शाळांमधल्या सिस्टर, इन्सुलिनवरचं मूल शाळेत कसं सांभाळायचं हे शिकायला दारव्ह्याला जमलेल्या. रुसलेल्या कुसुमताईंवर जी डाफरेल ती नापास. रक्तातली साखर उतरली की पुष्कळदा मूल आधी चिडतं, हे त्यांनी आमच्या डोक्यात हाणून हाणून बसवलं. "पोरगी भांडली की आधी साखर, मग संस्कार!"

पर्समध्ये ग्लुकोजची पुडी कायम. एकदा जीपमध्ये ड्रायव्हरशी कडाकडा भांडणाऱ्या बाईपुढेही त्यांनी ती धरली. बाईला डायबेटीस नव्हता, नुसता राग होता.

कापसाचे ते वाईट दिवस. आमच्या शाळेतल्या सुनंदाचे आईबाप शेत सोडून राजूरला कोळसा भरायला गेले होते. पोरीला रोज इन्सुलिन लागे आणि हेडमास्तर जबाबदारीला घाबरत. "सिस्टरले जमत असंन त ठेवू, नाही त घरी पाठवू." घरी म्हणजे राजूरच्या खोपटात दिवसभर एकटी. सुई द्यायला कोणी नाही, साखर उतरली तर बघायला कोणी नाही. मला जमतं का ते पाहायला खुद्द कुसुमताई आल्या.

नेमकं त्याच दुपारी जेवणाच्या रांगेत सुनंदानं रिकामं ताट आपटलं. "पाहा, हे असं!" हेडमास्तर म्हणाले. कुसुमताईंचा हात पर्समध्ये गेलाच.

"ताई, थांबा. आधी तपासू," मी म्हटलं. त्यांना अडवायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. सुनंदाच्या बोटाला टोचून मशीनवर थेंब घेतला. साखर अगदी बरोबर निघाली.

कुसुमताई पुडी धरून बघतच राहिल्या. "मंग काहून चिडली वं?"

"मले घरी पाठवून राह्यले म्हणून!" सुनंदा रडायला लागली. "मले इथंच शिकाचं हाय."

तिचं रडं ओसरल्यावर मी तिला जेवणाआधीची सुई दिली. हेडमास्तरांनी घसा खाकरला. "राहा मंग. सिस्टरले जमते."

कुसुमताईंचं काम आटोपलं. कुठल्याही शाळेत त्यांना लगबगीनं जीपपर्यंत पोचवायची रीतच पडली होती. थांबल्या तर पुन्हा रुसून परीक्षा घेतील ही धास्ती. मीही त्यांची पिशवी उचलली. तेवढ्यात सुनंदानं त्यांचा पदर धरला.

"मावशी, जेवून जा न."

कुसुमताई पोरींच्या पंगतीत जाऊन बसल्या. मी भाकर वाढायला वाकले तर त्या चष्मा काढून डोळे पुसत होत्या.

"लय शाळा फिरली बाई मी," त्या हळूच म्हणाल्या. "जेवून जा म्हननारी हे पहिलीच. घरी त रोज एकटीच जेवते."

बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता. मी पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्या शेजारी माझंही ताट मांडलं.