अकरा कोरी कार्डं

लोकेशने अकरावं ओळखपत्र उलटंपालटं करून पाहिलं. नावाची जागा कोरी ती कोरीच! एक वाजता अर्जुनी मोरगावच्या महिला मेळाव्यात साहेब कार्डं वाटणार होते आणि त्याच्यासारख्या कंत्राटी ऑपरेटरांच्या मुदतवाढीची जिल्हा कार्यालयाची यादीही आणणार होते. लोकेशचा जीव टांगणीला लागला.

संगणकाला नावं काढायला सांगणारी क्वेरी त्याचीच होती. नाव, मधलं नाव, आडनाव असे तीन रकाने जोडून ती पूर्ण नाव काढायची. जिल्हा कार्यालयानेही ती मागून नेली, तेव्हापासून स्वारीची मान ताठ होती. आता कळलं, एक रकाना रिकामा असला की ही बया उरलेले दोन्हीही गिळते.

"रचना, मधलं नाव काऊन नाही टाकलं?" त्याने माहिती भरणाऱ्या पोरीला विचारलं.

"बायाईनं सांगतलंच नाही, सर. नवऱ्याचं नाव घेत नाही म्हणतेत."

कोऱ्या कार्डांच्या बायांना गाठायला लोकेश मंडपाकडे पळाला. "कुसुमबाई, घरधन्याचं नाव सांगा जी!"

"असं निस्तं कसं घेऊ बापा?"

"काकू, माई नोकरी जाऊन राहिली!"

कुसुमबाईंनी पदर सावरला. "बांधीत रोवला धान, बोडीत साचलं पाणी, भैयालालचं नाव घेते, मी त्याईची राणी!"

मंडप हसला आणि बायांना चेव आला. सुशीलाबाईंचा उखाणा हळदीपासून निघाला, तो देवचंदपर्यंत पोचायला पाच मिनिटं लागली. नावं आधीच दिलेल्या बायाही रांगेत घुसल्या. लोकेश एकेक नाव घेऊन रचनाकडे धावत होता आणि दर फेरीला घड्याळ पाहत होता.

साहेब आले तेव्हा शेवटचं कार्ड प्रिंटरमधून गरमागरम निघत होतं. वाटप झकास झालं. साहेबांनी पाठ थोपटून यादी हातात दिली.

लोकेशने ती वरून खाली वाचली, मग खालून वर. त्याचं नाव नव्हतं. सातव्या आकड्यापुढची जागा मात्र कोरी होती. असलं कोरेपण तो आज सकाळपासून ओळखत होता. नोकरीच्या अर्जाच्या वेळी तो तापाने फणफणला होता आणि खिडकीवर जाऊन त्याचा फॉर्म आईने भरून घेतला होता.

त्याने घरी फोन लावला. "माय, माया फॉर्म भरतानी बाबाचं नाव काऊन नाही सांगतलं?"

"सांगून राहिली होती ना बापा," आई म्हणाली. "पण थ्या खिडकीवरल्या बाबूनं उखाणा पुरा कुठं होऊ देल्ला?"