पिंपवाल्या आजोबांचा पळालेला फेस

माझी नजर घारीची, बुद्धी वस्तऱ्याची आणि नम्रता तर अशी की यातलं काहीही मी स्वतःहून सांगत नाही. त्यासाठी कार्ड छापून घेतलं आहे. 'गूढभंजक व सल्लागार.' सल्लागार हे थोरल्या बहिणीमुळे जोडावं लागलं. ताई दर शनिवारी दुपारी पाहुण्यांना जुन्या शहरातून पायी हिंडवते आणि ठिकठिकाणी खायला-प्यायला घालते. पूर्वी तिची फेरी नदीकाठच्या बिअर बारमध्ये सुरू व्हायची आणि टेकडीवरच्या तळणीच्या दुकानात संपायची. महिन्यापूर्वी मी तिला शास्त्रशुद्ध सल्ला देऊन ती उलटी करायला लावली. सगळा रस्ता उताराचा झाला. माझे गुडघे अजून मला दुवा देतात.

केस त्याच बारमधली. मालक पिंपवाले आजोबा बिअर स्वतः बनवतात. तिचा फेस शेवटच्या घोटापर्यंत टिकतो, हीच त्यांची जन्माची कमाई. आणि गेले चार शनिवार ताईच्या पाहुण्यांच्या मगांतला फेस पहिल्या घोटालाच नाहीसा होत होता.

"हात गेला माझा," आजोबा म्हणाले. "एवढं पिंप संपलं की नवीन लावणार नाही."

चाळीस वर्षं बिअर बनवणारा माणूस स्वतःच्याच तळव्यांकडे संशयाने बघत होता. मला फार वाईट वाटलं.

"आजोबा, मी आहे ना!"

"तीच तर काळजी आहे," ताई म्हणाली.

पहिला संशय समोरच्या बारवाल्यावर. चौकशीत कळलं, तो महिनाभर मुलीकडे परगावी होता. निर्दोष माणसाकडे इतकी चोख सबब नसते, असं मी वहीत टिपलं.

दुसरा संशय एका लांब नाकाच्या पाहुण्यावर. तो मगात नाक घालून जोरात श्वास सोडत असणार. मी त्याच्या नाकासमोर कागदी रुमाल धरला. रुमाल हलला नाही.

"अहो, सर्दीनं नाक बंद आहे माझं!" तो खेकसला. "आणि मी इथं आजच येतोय!"

चार शनिवारांचा गुन्हा आणि हा आजच आलेला. म्हणजे कट मोठा होता.

आता पाळत ठेवण्यावाचून इलाज नव्हता. टेकडीवरून बांधून आणलेले तळलेले बटाटे सोबत घेऊन मी कोपऱ्यातल्या एका रिकाम्या पिंपात उतरलो. भोकातून अर्धा तास टेहळणी केली आणि मला टेबलाचा एक पाय अगदी बारकाईने दिसला. मग बटाटे संपले. बाहेर पडायला गेलो तर जमेना.

"ताई!"

"मला ऐकू येत नाहीये," ताई म्हणाली.

शेवटी बारमधले मग धुणाऱ्या मावशी आल्या. त्यांनी माझा हात धरून ओढलं, आणि हात सटकून त्या मागच्या मागे बाकावर बसल्या.

"शी! किती तेलकट हात!" त्यांनी आपला पंजा पाहिला, मग पाहुण्यांकडे पाहिलं. "बघू, सगळ्यांनी ओठ दाखवा."

बाराही पाहुण्यांचे ओठ चकाकत होते.

"तरीच! शनिवारचे मग घासता घासता माझा जीव जातो. कडांना नुसतं तेल. तेल लागलं की फेस खाली बसणारच. एरवीची गिऱ्हाइकं काही बटाटे खाऊन येत नाहीत."

सगळ्यांनी तोंडं पुसली. आजोबांनी कोरे मग भरले. एक घोट झाला, दुसरा झाला, फेस जागचा हलेना. शेवटच्या घोटाला तो मगाच्या तळाशी गेला, पण मोडला नाही. आजोबांनी डोळे पुसले, बाह्या सरसावल्या आणि नव्या पिंपासाठी जव भिजत घालायला आत निघून गेले.

"आता मला एक सांग," ताई पिंपाशी येऊन म्हणाली, "बटाटे आधी आणि बिअर नंतर, ही अक्कल कुणाची होती रे?"

मी अजून पिंपातच होतो, त्यामुळे निघून जाता आलं नाही.

पुढच्या शनिवारी फेरी पुन्हा बारपासून सुरू झाली. टेकडी चढताना फेस आला तो फक्त माझ्या तोंडाला. वर पोचल्यावर मी वही काढली. 'गुन्हेगार' या शब्दापुढची जागा कोरीच होती. ताईने माझ्या हातातलं पेन घेतलं आणि ती भरली. तिचं अक्षर लहानपणापासून सुरेख आहे.