टेंभेकर काकांचा मुक्काम

टेंभेकर काका सहलीला निघाले की आधी गल्लीत घरोघरी जाऊन निरोप घेतात. मग कुत्र्याला गाडीत चढवतात, दार लावतात, एकदा हॉर्न देतात आणि आपल्याच फाटकासमोर उभ्या असलेल्या त्या गाडीत, इंजिन सुरूसुद्धा न करता, दोन दिवस राहतात.

मला हा प्रकार कळला तेव्हा आम्ही लखनौला नुकतेच आलो होतो. माझी बँकेतली बदली, नवऱ्याचं घरून काम, आणि इंदिरा नगरात मराठी घरमालक मिळाल्याचा आनंद. वरचा मजला आमचा, खालचा त्यांचा. पहिल्याच शनिवारी काकांनी जिन्याखालून हाक मारली, "अनघाताई, आम्ही जरा चिखलदऱ्याला जाऊन येतो. सुमनकडे लक्ष असू द्या." मी म्हटलं, अवश्य, सावकाश या. संध्याकाळी दूध आणायला खाली उतरले, तर पांढऱ्या मिनीबसच्या खिडकीत काका चहा पीत बसलेले.

"काका, गेला नाहीत?"

काकांनी माझ्याकडे परक्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. मग सौजन्याने विचारलं, "आपण इथल्याच का? संध्याकाळी फार गारठतं का हो इकडे?"

मी म्हटलं, "हो, स्वेटर असलेला बरा."

"आभारी आहे," काका म्हणाले आणि त्यांनी खिडकीची काच ओढून घेतली.

सुमनकाकूंच्या औषधाची वेळ झाली की ते गाडीतून उतरतात, घरात जातात, त्यांना गोळी देतात, पाणी पाजतात, पाठीमागची उशी सारखी करतात आणि परत चिखलदऱ्याला जातात.

काका मूळचे भुसावळचे आणि रेल्वेत इंजिनियर होते. इंजिनाचे नव्हेत, रुळांचे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी लाइनवर काढली. लाइनवर म्हणजे पाहणीच्या दौऱ्यावर. अशा दौऱ्यात अधिकाऱ्याला राहायला स्वतंत्र डबा मिळतो. त्यात बिछाना, टेबल, छोटं स्वयंपाकघर असं सगळं असतं. कुठल्या तरी आडस्टेशनला तो डबा बाजूच्या रुळावर, सायडिंगला लावायचा, दिवसभर रूळ तपासायचे आणि रात्री तिथेच झोपायचं. काका त्याला 'कॅरेज' म्हणतात, आणि ते म्हणताना त्यांचा चेहरा माहेरची गोष्ट काढलेल्या बाईसारखा होतो. निवृत्तीनंतर त्यांनी एका बंद पडलेल्या शाळेची मिनीबस घेतली आणि स्वतः करवत-हातोडी घेऊन तिची कॅरेज केली. आत खालवर दोन बर्थ आहेत. वरच्या बर्थला साखळी आहे. भिंतीला घडीचं टेबल आहे, एक स्टोव्ह आहे आणि पुस्तकांसाठी पुढे पट्टी ठोकलेला कप्पा आहे, धक्क्याने पुस्तकं पडू नयेत म्हणून. धक्का बसायला गाडी हलावी लागते, हे कुणी त्यांना सांगत नाही.

कुत्र्याचं नाव गार्ड. जन्म इथल्याच भाजीबाजारात, रंग बदामी, स्वभाव अत्यंत शांत. सगळ्यांची कुत्री मालकाला ओढत पुढे नेतात. आमचा गार्ड मात्र काकांच्या मागून चालतो, कारण गार्डची जागा गाडीच्या शेवटी असते असं त्याला शिकवलेलं आहे. या दोघांचं सकाळचं फिरणं म्हणजे सेक्टरची पाहणीच असते. काका काठीने गटाराची झाकणं ठोकत जातात. झाकण नीट वाजलं नाही तर गार्डला सांगतात, "ढिलं आहे रे." रस्त्यात खड्डा दिसला की "इथे कॉशन!" असं ओरडतात. म्हणजे हळू चला. एकदा तर त्यांनी एका खड्ड्यात काठी रोवून तिला काकूंच्या जुन्या लाल ब्लाउजचा तुकडा बांधला. महापालिकेची माणसं येऊन खड्डा बुजवून गेली, ती त्या तुकड्याला घाबरून, असं काका आजही मानतात.

ते गार्डशी कायम मराठीत बोलतात. गार्डला सगळं समजतं, पण उत्तर द्यायची वेळ आली तर तो बहुधा हिंदीतच देईल, असं मला वाटतं. आमचा मुलगा चिन्मय तेच करतो. "चिन्मय, जेवायला चल." "मम्मी, दो मिनट ना यार."

सहलीच्या दोन दिवसांत काकांना गल्लीतलं काहीही लागू नसतं. समोरच्या मिश्राजींच्या मुलीचं लग्न होतं. मांडववाले बांबू घेऊन आले आणि काका नेमके पचमढीला. मिश्राजींनी खिडकीवर टकटक केली. "अंकलजी, गाड़ी ज़रा हटा लीजिए, टेंट लगना है।"

"मैं यहाँ नहीं हूँ," काकांनी आतून सांगितलं. "मैं पचमढ़ी में हूँ। सोमवार को लौटूँगा।"

मिश्राजी लखनौचे. आवाज चढवणं त्यांच्या रक्तात नाही. क्षणभर विचार करून ते हात जोडून म्हणाले, "तो भाई साहब, पचमढ़ी में ही दो हाथ आगे हो जाइए। बड़ी मेहरबानी होगी।"

यावर मात्र काका खाली उतरले. गाडी ढकलायला मांडववाले, मिश्राजी, माझा नवरा आणि शेरवानीतला एक पाहुणा असे सगळे लागले. माझ्या माहितीतला त्या गाडीचा तोवरचा सर्वांत लांबचा प्रवास तोच.

हसू येतं ना? मलाही यायचं. पण खालच्या बर्थवरची चादर कायम नवी कोरी असते, हे लक्षात आलं तेव्हा हसू जरा कमी झालं.

तो बर्थ सुमनकाकूंचा. काकूंनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. सातपुडा, तराई, खारफुटी, हिमनद्या, सगळं फळ्यावर काढून दाखवलं, पण फळ्याबाहेरचं त्यातलं फारसं पाहिलं नाही. काका लाइनवर आणि काकू घर सांभाळणार. "रिटायर झालो की तुला कॅरेजमधून फिरवीन," हे काकांचं वचन. गाडी तयार झाली, काकूंनी कप्प्यात स्वतःची प्रवासाची पुस्तकं लावली, आणि निघायच्या आधीच त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं पुढे बरंचसं परत आलं. घरात त्या वॉकर धरून पाच-दहा पावलं टाकतात. काकांनी गाडीचं दार रुंद करून घेतलं, पायरी खाली आणली, पण काकू कधी चढल्या नाहीत.

"उभ्या गाडीत बसायला मी काय देवळातली मूर्ती आहे?" त्या मला म्हणाल्या. "आणि चालत्या गाडीत बसले तर वाटेत कुणाकुणाच्या खांद्यावर बाथरूमला जाऊ? मला नाही जमायचं ते. पण यांनी तरी जावं. माझ्यापायी यांचं चाक जाम झालंय गं. ते मला बघवत नाही."

काका अर्थात तसं कबूल करत नसत. कधी क्लच खराब असे, कधी बॅटरी, कधी म्हणे टायरला हवा मानवत नसे. काकूंनी परस्पर मेकॅनिकला बोलावून गाडी दाखवली. तो म्हणाला, "माताजी, गाड़ी तो एकदम टनाटन है। चलती क्यों नहीं, ये आप अंकलजी से पूछिए।"

काकूंनी विचारलं नाही. त्यांनी मला हाताशी धरलं. डिसेंबरातल्या एका शुक्रवारी जेवताना त्यांनी जाहीर केलं, "अनघा दोन रात्री माझ्याजवळ झोपणार आहे. तुम्ही दुधव्याच्या जंगलात जाऊन या. मला सालवृक्षांचं रान कसं असतं ते ऐकायचंय, आणि फाटकासमोर बसून नाही."

दुधवा इथून चार-पाच तासांवर. काकांनी थंडी काढली, धुकं काढलं, गार्डला गाडी लागते असं काढलं. पण काकूंनी अबोला धरला. त्याला काका घाबरतात. शनिवारी सकाळी त्यांनी मला गोळ्यांच्या वेळा समजावल्या, मग परत समजावल्या, इंजिन सुरू केलं, आणि गाडी खरोखर वळणावरून दिसेनाशी झाली. मिश्राजींनी टाळ्या वाजवल्या. काकू खिडकीशी होत्या. मला म्हणाल्या, "सुटली एकदाची," आणि मग बराच वेळ त्या रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिल्या.

संध्याकाळी फोन आला. काकूंना फार वेळ हातात धरवत नाही म्हणून मी तो स्पीकरवर करून उशीला टेकवला.

"पोचलो."

"कसं आहे?"

आता काकांचं उत्तर ठरलेलं असतं. जेवण, हवा, तब्येत, देशाची परिस्थिती, काहीही विचारा, ते "ठीक आहे" म्हणतात. पण आज ते म्हणाले, "सुमन, सालाची झाडं अशी सरळ उभी आहेत, की मान मागे टाकावी लागते. खाली उजेड हिरवा होऊन उतरतोय. फुलं आलीत. बारीक, फिकी पिवळी. सगळ्या वाटेवर त्यांचा सडा पडलाय, आणि वास असा, की श्वास घ्यायचा तो सावकाशच घ्यावा." असं ते कितीतरी वेळ बोलत राहिले. शेवटी आवाज बदलून म्हणाले, "तुझ्या बर्थशेजारचा पडदा उघडा ठेवलाय." आणि फोन ठेवला.

मी तर थक्क झाले. या माणसात हे कुठे दडलं होतं? काकू मात्र डोळे मिटून पडून राहिल्या.

रविवारी सकाळी मी ब्रेड आणायला मागच्या सेक्टरात गेले. तिथे पाण्याच्या टाकीखाली, चिंचेच्या आडोशाला, पांढरी मिनीबस उभी होती. बाहेर घडीच्या खुर्चीवर मफलर गुंडाळून काका. गार्डने मला ओळखलं आणि शेपटी हलवत आला. मला वाटलं, काका आता विचारतील, आपण इथल्याच का? त्यांनी तसं काही विचारलं नाही. ते उठून उभे राहिले.

"सीतापूर रोडच्या टोलपर्यंत गेलो होतो, अनघाताई," ते म्हणाले. "पुढे जाववेना. गाडी वळवली. ती रात्री पाणी मागते ना, तिचा आवाज तेव्हा फार बारीक येतो. तुम्हाला ऐकू आला नाही तर? तिथून परत यायला पाच तास. इथून मी पळत पाच मिनिटांत येईन." मग खाली बघत म्हणाले, "तिला सांगू नका. ती फार खूश होती काल."

मी सांगणार नाही असं कबूल केलं. घरी आले, चहा केला, काकूंना खुर्चीत बसवलं, आणि उगाचच म्हटलं, "काकांना आज वाघसुद्धा दिसेल बघा."

काकूंनी कप खाली ठेवला. "कुठे थांबलेत?"

"कोण?"

"अनघा, सालाला चैत्रात फुलं येतात. हा डिसेंबर आहे. सातवीतल्या पोराने असं लिहिलं असतं तर मी गुण कापले असते." त्यांच्या ओठाची एकच बाजू हसली. "काल त्यांनी जे सांगितलं ना, ते गाडीतल्या माझ्या पुस्तकातलं आहे. कुणी तरी उन्हाळ्याच्या तोंडावर केलेला प्रवास आहे तो. मला पाठ आहे. माझ्यासाठी पान शोधून वाचत होते बिचारे."

मग मात्र मी सगळं सांगून टाकलं. टाकी, टोल, रात्रीची ती बारीक हाक. काकू ऐकत होत्या आणि डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं एकेक करून सरळ करत होत्या.

"मग बोलावून घेऊ का त्यांना?" मी विचारलं. "थंडीत उगाच बसलेत."

"नको," काकू पटकन म्हणाल्या. "लाइनवर असताना ते मला रोज रात्री स्टेशनवरून फोन करायचे. काय काय बोलायचे! कुठल्या पुलावर किती पाणी चढलं, कुठल्या गँगमनला मुलगी झाली. मी आजारी पडले आणि आता चोवीस तास घरात आहेत, माझं सगळं करतात, माझी वेणीसुद्धा घालतात. पण बोलतात काय, तर गोळी घेतलीस का, पाणी हवं का, दुखतंय का. नर्सबरोबर राहावं तसं वाटतं गं मला. काल किती दिवसांनी माझ्या नवऱ्याचा फोन आला."

संध्याकाळी तो फोन परत आला. मी उशीला टेकवला आणि उठणार, तर काकूंनी मला खुणेने बसवलं. काका हरणांबद्दल बोलले, नदीबद्दल बोलले. मग त्यांचं वाचून संपलं असावं. अडखळत म्हणाले, "बाकी ठीक आहे. उद्या निघतो. तू गोळी घेतलीस का?"

"घेतली. तुम्ही आत्ता काय करताय?"

"मी?" काकांनी विचारलं. "काही नाही. बसलोय. गार्ड पायाशी आहे. हात गार पडलेत. तुझी आठवण येतेय, सुमन."

काकूंनी तोंड उशीकडे वळवलं, अगदी फोनजवळ नेलं.

"अहो, उद्या निघू नका," त्या म्हणाल्या. "आणखी एक दिवस राहा. आणि आत्ता फोन ठेवू नका."