खोटं बोला, पण बसून बोला

मेश्रामकाकांच्या दारी मत मागायला आलेल्या उमेदवाराला आधी खुर्चीवर बसावं लागतं आणि आमच्या वस्तीच्या नळाचं पेलाभर पाणी प्यावं लागतं. त्याशिवाय काका त्याचं एक अक्षर ऐकून घेत नाहीत. हात जोडून पुढच्या घराकडे सटकू पाहणाऱ्याला ते फाटकातच अडवतात, "खोटं बोला गा, पण बसून बोला!"

आता आमचं ते पाणी! रंग चहाचा आणि वास विचारू नका. ते बघताक्षणी एकाला आपला निर्जळी उपवास आठवला. दुसऱ्यानं पेला ओठाला लावल्यासारखं करून काकांच्या मोगऱ्यात ओतला. एका पठ्ठ्यानं मात्र गटागटा संपवला. काका इतके खूश झाले, की गल्लीभर त्याचा प्रचार करत फिरले. तो निवडून आला आणि पाच वर्षांत पुन्हा फिरकला नाही.

"पोट बिघडलं असन बिचाऱ्याचं," काका म्हणाले.

काका आमचे शेजारी. निवृत्त पोस्टमन, वय पंचाहत्तरच्या पुढे, काकू गेल्यापासून एकटेच. सकाळी पेपर उघडला की पुढाऱ्यांचा उद्धार सुरू होतो, तो शेवटच्या पानापर्यंत चालतो. "सारे एका माळेचे मणी!" पक्ष कोणताही असो, ज्याचं माप त्याच्या पदरात. मला हा माणूस फार आवडतो, उगाच खोटं कशाला बोलू?

यंदा वस्तीनं मतदानावर बहिष्कार टाकायचं ठरवलं. नव्या पाइपलाइनसाठी गल्ली तीनदा खोदली, तीनदा बुजवली. पाइप काही आला नाही. मग कशाला द्यायचं मत? 'पाणी नाही, तर मत नाही' हा फलक मीच रंगवला. लावायचा होता काकांच्या भिंतीवर, कारण गल्लीच्या तोंडाशी घर त्यांचंच.

"माह्या भिंतीले खिळा लागणार नाही," काका म्हणाले.

मी भडकलेच. "अहो, रोज शिव्या तर तुम्हीच घालता!"

"मंग? मत नाही देलं तं शिव्या कोणत्या तोंडानं देऊ वं?"

तेवढ्यात माझ्यासोबत आलेल्या घोळक्यातून कोणीतरी विचारलं, "कोणत्या पार्टीचं पाकीट आलं काका?" काही जण हसले. काका आत गेले आणि दार लावून घेतलं. मग चार दिवस गल्लीत कोणी त्यांच्याशी बोललं नाही. मीसुद्धा नाही. सांगायला लाज वाटते.

मतदानाच्या सकाळी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते एकटेच निघालेले दिसले. मला राहवेना. धावत जाऊन गाठलं आणि म्हटलं, "शाळेपर्यंत सोडते फक्त. मतबित देणार नाही हं मी!"

"नोको देऊ."

थोडं चालल्यावर आपणहूनच बोलू लागले. "मी लहान होतो. माय मले कडेवर घेऊन मत द्यायले गेली. ज्याच्या वावरात ती राबे, तो मालगुजार रांगेत तिच्या मागं उभा. विहिरीवर तिले दूर उभं करत वं. अन् त्या दिवशी माय पुढं, मालगुजार मागं. कोणी तिले 'सरक' म्हणलं नाही. मरेपर्यंत तेच सांगे."

शाळा आली. आमच्या वस्तीच्या खोलीसमोर रांगच नव्हती. काकांनी वळून पाहिलं. सगळं मैदान मोकळं.

"आज माह्या मागं कोणीच नाही वं," ते हळूच म्हणाले.

"थांबा, आलेच," म्हणत मी कार्ड आणायला घराकडे पळाले.

धापा टाकत परतले, तर काका खोलीच्या दारातच उभे. आतले साहेब वैतागले होते, "अहो आजोबा, या ना आत! कोणाची वाट पाहून राहिले?"

"माह्या मागं एक बाई आहे," काका म्हणाले. "ती आली का जातो."