साहेबाची बैठक

शामकांतरावांना बायकोसाठी शिलाई मशीन घ्यायचं होतं, आणि तेही स्वतःच्या खिशाला हात न लावता. (कारकुनाचा खिसा तो, हात घालून तरी काय सापडणार म्हणा!) म्हणून बेलापुरातल्या आपल्या घराचा पुढचा भाग त्यांनी साखर कारखान्यात नवं यंत्र बसवायला येणाऱ्या जर्मन इंजिनिअरला भाड्याने द्यायचं ठरवलं आणि सुचित्राबाईंसह मागच्या पडवीत बिऱ्हाड हलवलं.

साहेब म्हटला की कमोड आला. तो नगरहून टेम्पोने आला. पण त्याचा उपयोग गवंड्याला, तोही बायकोसमोर, सांगायचा कसा? शामकांतरावांनी घसा खाकरला.

"गोरक्षनाथ, ही साहेबाची बैठक. पक्की बसव." एवढं बोलून ते कारखान्याच्या ऑफिसला पळाले.

संध्याकाळी येऊन पाहतात तो कमोड बैठकीच्या खोलीत, थेट दारासमोर, सिमेंटात घट्ट रोवलेला!

"अरे, इथे कुठे बसवलास?"

"तुमीच म्हनला न्हवं, सायबाची बैठक? बैठक हीच की!" गोरक्षनाथ म्हणाला. "खुर्ची लई झ्याक हाय. पन मधी भोक कशापायी ठिवलंय?"

"काढ ती!"

"आता फोडूनच निघंल."

कोरा कमोड फोडायचा शामकांतरावांना धीर होईना. तेवढ्यात कारखान्यात तार आली. साहेबाला व्हिसा नाकारला होता. काम जाणणारी माणसं देशातच असताना बाहेरचा कशाला, असं दिल्लीचं म्हणणं. शामकांतरावांनी मशीनचा नाद सोडला. पण साहेबाच्या जागी पुण्याचा इंजिनिअर येतोय म्हटल्यावर ते सावरले. भाडं काय, तोही देईलच.

रविवारी दारात टांगा थांबला.

"अगंबाई, रवी!" सुचित्राबाई धावल्या. पुण्याचा इंजिनिअर म्हणजे त्यांचाच धाकटा भाऊ रविकांत.

"ताई, मुद्दामच कळवलं नाही!"

शामकांतरावांनी बायकोला आत बोलावलं. "भाड्याचं कसं करायचं?"

"अहो, सख्ख्या भावाकडून भाडं? लोक तोंडात शेण घालतील!"

"आणि तुझं मशीन?"

"शिवेन हो हातानं," सुचित्राबाई म्हणाल्या, आणि शामकांतरावांना खरोखर वाईट वाटलं. सुचित्राबाईंनी हाताने पहिली शिवली ती साहेबाच्या त्या बैठकीवरची गादी.

मेहुणा बैठकीच्या खोलीत कॉटवर पसरून पेपर वाचत होता. "भाऊजी, परदेशी तज्ज्ञ बंद केल्याने देशाचं परकीय चलन वाचलं म्हणे. फायदाच की नाही?"

"फायदाच," शामकांतराव म्हणाले.

"मग उभे का? बसा ना."

दुसरी जागाच नव्हती. शामकांतराव कमोडवरच्या गादीवर बसले. दारावरून जाणारा गोरक्षनाथ थबकला.

"जर्मन सायेब न्हाई आला तर न्हाई," तो खूश होऊन म्हणाला, "बैठक तुमच्याच मापाची हुती!"