धर्माकाकांची मुकादम

आमच्या शेजारच्या धर्माकाकांना दारातून हाक मारा, ते आधी मांजरीकडे बघणार, मग तुमच्या तोंडाकडे टक लावणार आणि मग बोलणार. वाटीभर साखर मागा, नाहीतर नुसतं "जेवलात का?" विचारा, मांजरीकडे बघितल्याशिवाय माणूस हूं की चूं करत नसे. "धर्मा मांजरीला कौल लावतो," असं आमच्या नारपोलीतल्या बिल्डिंगमध्ये सगळेच म्हणायचे. मी जरा जास्तच म्हणायचे, कारण माझी जीभ जात्याच फटकळ.

मांजरीचं नाव मुकादम. काकांची उभी हयात कापडाच्या लूमच्या खडखडाटात गेलेली, त्यामुळे घरातही कारखान्याचाच कायदा. मुकादमच्या हाताखाली आणखी दोन मांजरी होत्या, त्या 'बदली कामगार'. त्यातली एखादी पेंगली की काका खेकसत, "ड्युटीवर डोला लागतो? हजेरी कापीन!" मांदेली मासळीचा पगार मात्र रोजच्या रोज. ते लोडशेडिंगचे दिवस. लाईट गेली, खालच्या कारखान्यातले लूम थांबले की काका बदलीवाल्यांना जिन्याकडे हाकलत, "चला, शिफ्ट सुटली!"

मुकादमला मात्र सुट्टी नाही. तिने आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसायचं, आणि काकांनी समोर खुर्ची टाकून तिच्याकडे बघत बसायचं.

आतल्या खोलीत गोदाकाकू. अर्धं अंग लुळं पडल्यापासून खाटेवरच. पाणी, पेज, कूस बदलणं, सगळं काकाच करत. काकूंना काही हवं झालं की काका हजर. आम्ही बायका जळायचो. आमच्याकडे हाका मारून घसा बसला तरी कोणाच्या हातातला पेपर खाली होत नव्हता!

एका दुपारी मुकादम गायब झाली. मी जिन्यात आले तर काका खोलीच्या दारात खांबासारखे उभे, नजर काकूंवर. चेहरा पांढराफटक.

"अहो काका, मांजरच ती! येईल पोट खपाटीला गेलं की," मी म्हटलं.

काका मला हाताला धरून जिन्यात घेऊन आले. आवाज खाली, तरी एक डोळा खोलीकडेच.

"मना आयकाला येत न्हाय, पोरी. लूमनी दोनी कान खाल्लं. तोंड बघतो तवा समजतं. गोदानी हाक मारली का मुकादमचा कान फिरतो, तवा मी उठतो."

"मग कानाचं मशीन लावा की!"

"लावला तर तिला समजंल ना! मना आयकाला येत न्हाय हे समजलं, तर ती हाक मारायची बंद हुईल. तहान मारून पडून ऱ्हाईल. मी वलखतो तिला."

माझ्या जिभेवरचे सगळे कौल तिथेच विरघळले. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. मी धावत खाली गेले. आमची मुकादम कारखान्यात टाकाऊ सुताच्या ढिगावर खुशाल पसरली होती, लूम कानाशी धडधडत असताना! तिला काखोटीला मारून वर आणली. काकांनी तिला उंबऱ्यावर ठेवलं, "खाडा मांडीन तुझा!" म्हणून दम भरला आणि डोळे पुसत माझ्यासाठी चहा टाकायला गेले.

मी काकूंजवळ बसले. ओठ सुकलेले दिसले, म्हणून विचारलं, "पाणी हवंय का? काकांना हाक मारू?"

काकू हसल्या. अर्ध्याच चेहऱ्याने, पण अगदी मिश्कील.

"त्यांना? त्यांना कुठं आयकाला येतं गो?"

मीही आधी मांजरीकडे बघितलं. पहिल्यांदाच.

"मी त्यांना हाक मारीतच न्हाय. हिला मारतंय. त्यांना सांगू नको हां. आपुन बहिरं झालो हे बायकोला म्हाईत हाय असं समजलं, तर जीवाला लावून घेतील."

तेवढ्यात काका चहा घेऊन आले, कप माझ्या हातात दिला आणि उंबऱ्यासमोर आपल्या खुर्चीवर जाऊन बसले. काकूंनी हळूच ओठ हलवले, "मुकादम, ए मुकादम."

उंबऱ्यावरचा कान वळला. काका लगेच उठले, तांब्या घेऊन आत आले.

"हाक मारलीस ना गो?"

"मंग! कवाची मारतंय," काकू म्हणाल्या.

काकांनी त्यांच्या मानेखाली हात घालून पाणी पाजलं. मी चहा तसाच ठेवून घरी आले आणि दार लावून पोटभर रडले.